मनूजिजींची चूक, मनूजिजींची सही

शोकसभेत खोटं बोलायचा परवाना मिळतो, असं आपल्याकडे समजतात. मनोरमा पागे मॅडम गेल्या, तेव्हा धारमध्ये झालेल्या सभेत एक निवृत्त प्राचार्य माइक धरून म्हणाले, "पागे मॅडमनी आयुष्यात एकही चूक केली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत होते. उठून ओरडावंसं वाटलं की हे साफ खोटं आहे. त्यांनी एक चूक केली होती. लहानसहान नव्हती, छप्पन्न वर्षं सरकारी दप्तरात शिक्का मारून बसली होती. आणि त्या चुकीचं त्यांनी पुढे जे केलं, ते करायची हिंमत त्या सभेत बसलेल्या एकाही माणसात नव्हती. त्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या कडक स्टार्चच्या साड्या आणि वक्तशीरपणा यांवर अर्धा तास भाषणं झाली. म्हणून हे लिहिते आहे.

सगळं धार त्यांना पागे मॅडम म्हणायचं. घरी जाणारी माणसं मनूजिजी म्हणायची. आमच्या माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत थोरल्या बाईला जिजी म्हणतात. मी देवासची. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले, मी हिंदी शाळेत शिकले, मराठी बोलायची पण वाचताना अडखळायची. आज हे मराठीत लिहिते आहे तेही जिजींमुळेच, पण तो विषय वेगळा.

मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर हातोडीचे ठोके आणि "भिया, दस नंबर का पाना देना" असे आवाज. जिन्याच्या वरच्या टोकाला दगडी पाटी टांगलेली. दर सोमवारी जिजी तिच्यावर खडूनं एक इंग्रजी शब्द लिहायच्या. असा शब्द, जो इंग्रजी शाळेतल्या मास्तरांनाही येत नाही. खाली हिंदीत अर्थ. नियम एकच: जो वर येईल त्यानं त्या शब्दाचं वाक्य करायचं. मग तो गॅसवाला असो की नातेवाईक.

एका आठवड्यात शब्द होता लुगुब्रियस. अर्थ: रडव्या तोंडाचा, शोकाकुल. दूधवाले रामचरणभिया कॅन खाली ठेवून दोन मिनिटं पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मैडम, हमारी भैंस का पाड़ा मर गया. तब से वो भोत लुगुब्रियस है."

मी खो खो हसले. जिजी हसल्या नाहीत. "शाबाश," त्या म्हणाल्या, "अब ये शब्द तुम्हारा हुआ. भैंस को गुड़ दिया कि नहीं?"

एकदा त्या देवासला आमच्या घरी जेवायला आल्या, तर पाटी नाही म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर शब्द लिहिला. डिफेनेस्ट्रेट, म्हणजे एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणे. माझे बाबा कुणाशी फार बोलत नाहीत. आमटी ओरपता ओरपता म्हणाले, "मॅनेजरला रोज डिफेनेस्ट्रेट करावंसं वाटतं, पण आमच्या शॉपला खिडकीच ठेवली नाहीये."

जिजींनी आणखी एक पुरणपोळी मागून घेतली. "तुझ्या बापाला शब्द कशासाठी असतो ते कळतं," त्या मला म्हणाल्या. "तुला अजून कळायचंय."

हे मला लागलं होतं, कारण शब्दांवरच तर माझं पोट. म्हणजे पोट नाही, कुणी पैसे देत नव्हतं. आमची चार-पाच जणांची टोळी होती. जमीन, रेशन, रस्ते, जिथे अन्याय दिसेल तिथे पत्रक छापायचं आणि भिंतीवर चिकटवायचं. जिजींची आणि माझी ओळखच अशी झाली. त्यांच्या जिन्यात मी एक पत्रक चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर लाल पेनानं शेरा: "‘ज़ालिम’ सात बार. किसने, कब, क्या किया, एक बार भी नहीं." मी तणतणत वर गेले. खाली उतरले तेव्हा मला चहा मिळालेला होता, आणि नवं नाव मिळालेलं होतं. पत्रकवाली.

त्यांच्या शिकवण्याची एक गोष्ट धारमध्ये अजून सांगतात. उत्तर येत नसेल आणि मुलानं प्रामाणिकपणे "नहीं आता" लिहिलं, तर त्या अर्धा गुण द्यायच्या. ठोकून दिलेल्या उत्तराला शून्य. एका मुलीचे वडील भांडायला आले होते म्हणे. "मैडम, ये क्या तमाशा है? ख़ाली जगह पे नंबर?"

"ख़ाली नहीं है, उसमें ‘नहीं आता’ लिखा है," जिजी म्हणाल्या. "आपने आख़िरी बार कब लिखा था?"

ही शिस्त त्यांच्या माहेरची, फडक्यांकडची. त्यांचे आजोबा संस्थानच्या तर्जुमा दप्तरात होते. तिथे इंग्रजी, मराठी, हिंदी कागदांची भाषांतरं व्हायची. आजोबांचा कायदा असा की अर्थ नक्की माहीत नसेल, तर त्या शब्दाची जागा चौकट आखून कोरी सोडायची आणि लाल शाईचा ठिपका द्यायचा. साहेब ओरडला तरी चालेल. "कोरं सोडलं तर एक दिवस वाया जातो," जिजी सांगायच्या. "थाप मारली तर माणसं वाया जातात."

हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला कंटाळा आला होता. त्या वाक्यामागे काय दडलंय याची मला कल्पना नव्हती.

मग इमली फलियाचं प्रकरण आलं.

धारहून मनावरकडे जाताना आडवाटेला ही भिलांची वस्ती आहे. फलिया म्हणजे वस्ती. शेजारी चिंचेची जुनी राई, दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं. पिढ्यान् पिढ्या तिथल्या बाया चिंचा झोडपतात, फोडतात, हाटात विकतात. वर्षाची मीठमिरची, पोरींचे कपडे, दवाखाना, सगळं त्या चिंचेवर. एका संस्थेनं, नाव लिहीत नाही, ती राई पर्यटकांच्या निवासासाठी भाडेपट्ट्यानं घेतली. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, कुलूप आलं आणि दंडुकेवाला चौकीदार आला. चिंचा झाडावर पिकायला लागल्या होत्या आणि बाया तारेच्या बाहेर उभ्या होत्या.

गेंदीबाई त्यांची पुढारी. काटक, पन्नाशीची, कुणालाच न भिणारी. तिनं चौकीदाराला विचारलं, "थारे बाप ने लगाई कंई ये इमली?" त्यानं पोलिसांना फोन लावला. मग ती आमच्याकडे आली.

संस्थेकडे कागद होता. संस्थानी काळातल्या एका इंग्रजी हुकुमाचं हिंदी भाषांतर. त्यात लिहिलं होतं की फलियाच्या रहिवाशांना दरबाराच्या कृपेनं फळं वेचण्याची "रियायत" देण्यात येते. रियायत, म्हणजे सवलत. आणि सवलत देणारा ती काढून घेऊ शकतो. वकिलाचं म्हणणं एवढंच होतं: दरबार गेला, कृपा गेली, सवलत संपली. एसडीएम साहेबांसमोर, म्हणजे प्रांतांपुढे, सुनावणी लागली होती आणि आमच्याकडे घोषणांशिवाय काही नव्हतं.

मी त्या भाषांतराची झेरॉक्स घेऊन जिजींकडे गेले. पत्रकाचा मसुदाही होता. त्यात "ज़ालिम" फक्त दोनदा होतं, म्हणून शाबासकीची अपेक्षा होती. जिजींनी मसुद्याकडे पाहिलंच नाही. झेरॉक्स खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ धरला. खालच्या सहीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. सही पुसट होती: कु. मनोरमा फडके.

"ही मुलगी मी आहे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"बावीस वर्षांची होते. नोकरी लागून तीन महिने. कचेरीत जुन्या इंग्रजी कागदांचे तर्जुमे चालले होते, माणसं कमी पडली म्हणून शाळेतून मला बोलावलं. खोलीत अकरा पुरुष आणि मी. या हुकुमात एक शब्द होता, युझुफ्रक्ट. मला येत नव्हता. तिथल्या छोट्या डिक्शनरीत नव्हता. मी चौकट आखायला पट्टी उचलली, आणि मोठे साहेब म्हणाले, ‘क्यों, मैडम को अंग्रेज़ी आती है न?’ सगळे हसले." जिजींनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. "मी पट्टी खाली ठेवली. शब्दात ‘फ्रूट’ दिसत होतं, ‘यूज’ दिसत होतं. ठोकून दिलं. फळं वापरायची रियायत."

"आणि खरा अर्थ?"

"हक्क. वस्तू दुसऱ्याची, पण तिचं फळ खायचा, वापरायचा पक्का हक्क. कृपा-बिपा काही नाही. पाचेक वर्षांनी मोठ्या डिक्शनरीत सापडला."

माझं डोकं फिरलं. "मग तेव्हाच जाऊन का नाही सांगितलं, जिजी? इथे बाया तारेबाहेर उभ्या आहेत!"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तुझं वय काय, माझं वय काय. जिजी म्हणाल्या, "लाज वाटली. तोवर मी पागे मॅडम झाले होते. आणि मग वाटलं, कागद मेला असेल. बाया चिंचा वेचतायत, कुणाचं काय अडलंय? मुलांना अर्धा गुण द्यायला लागले आणि स्वतःची समजूत घातली." मग कपाटातून झोळा काढत म्हणाल्या, "कागद मरत नसतात, पत्रकवाली. मूळ हुकूम कुठल्या गठ्ठ्यात आहे ते मला आठवतं. लाल खारव्याचा गठ्ठा. तू ते माहितीच्या अधिकाराचं काय ते कर."

अर्ज मी केला, चकरा मी मारल्या, बाबू लोकांशी भांडले मी. ते माझं काम, त्याचं कौतुक नाही. मूळ इंग्रजी हुकुमाची प्रमाणित नक्कल सुनावणीच्या चार दिवस आधी हातात आली. युझुफ्रक्ट तिथे ठळक होता.

मी म्हटलं, "जिजी, बास. आता फक्त अर्थ सांगा. भाषांतर कुणाचं होतं ते बोलायची काही गरज नाही. आडनाव माहेरचं आहे, कुणाला कळणार नाही. उलट ते म्हणतील, हिनं एकदा चूक केली, आता हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" डावपेच म्हणून माझं बरोबरच होतं.

"बघू," जिजी म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी दोन टेम्पो भरून बाया आल्या. बऱ्याचशा आवारात लिंबाखाली बसल्या, गेंदीबाई आणि आणखी चौघी आत. जिजी स्टार्चच्या पांढऱ्या साडीत, झोळ्यात दोन जाडजूड डिक्शनऱ्या. संस्थेचा वकील हुशार होता. मूळ हुकूम पाहून तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "सर, आज डिक्शनरी खोलकर कोई कुछ भी निकाल ले. शब्द पुराना है. उस ज़माने में उसका क्या मतलब लिया जाता था, ये उस ज़माने के जानकार से बेहतर कौन जानेगा? दफ़्तर ने बाक़ायदा जानकार से तर्जुमा करवाया. जानकार ने रियायत लिखा. पचास साल से ऊपर किसी ने उँगली नहीं उठाई."

साहेबांनी मान हलवली. हा मुद्दा मी धरलाच नव्हता, आणि डिक्शनरीत त्याला उत्तर नव्हतं.

जिजी उठल्या.

"सर, वो जानकार मैं हूँ."

वकील म्हणाला, "जी?"

"मनोरमा फडके. ये मेरी सही है. मुझे ये शब्द नहीं आता था. मैंने अंदाज़े से लिख दिया था. कमरे में सब हँस रहे थे और मैं डर गई थी. जिसे आप जानकारी कह रहे हैं, वो डर है."

वकील चटकन सावरला. "तो मैडम, आप तब ग़लत थीं या आज ग़लत हैं? कैसे मानें?"

"तब मैं बाईस की थी और नौकरी बचानी थी. आज अठहत्तर की हूँ. बचाने को मेरे पास एक नाम था, वो अभी आपके सामने रख दिया. झूठ किसलिए बोलूँगी?"

साहेब पुढे झुकले. तरुणच होते. "मैडम, डिक्शनरी छोड़िए. मुझे सीधा समझाइए."

"एक दादी है," जिजी म्हणाल्या. "खेत बेटे के नाम कर दिया. पर काग़ज़ में लिखवाया कि जब तक वो ज़िंदा है, गेहूँ वो खाएगी. खेत किसका?"

"बेटे का."

"गेहूँ किसका?"

"दादी का."

"बेटा कहे कि मैं माँ को गेहूँ की रियायत दे रहा हूँ, तो?"

साहेब हसले. "तो बेटा बेशरम है."

"बस. यही यूज़ुफ्रक्ट है."

मी टाळी वाजवणारच होते. पण जिजी खाली बसल्या नाहीत. "पूरा मतलब सुन लीजिए, सर. दादी खेत बेच नहीं सकती. मिट्टी खोदकर नहीं ले जा सकती. फल उसके, पर चीज़ को नुक़सान नहीं पहुँचा सकती. ज़मीन इन औरतों की नहीं है, और पेड़ ये काट नहीं सकतीं. ये भी उसी शब्द में है."

मी त्यांची साडी ओढली. "जिजी, हे कशाला? त्यांचा वकील कशाला ठेवलाय मग?"

"अर्धा अर्थ सांगितला तर ती पुन्हा थापच," त्या पुटपुटल्या.

वकिलाला वाटलं, सुटलो. "सर, नोट किया जाए, ये ख़ुद मान रही हैं कि ज़मीन पर इनका कोई..."

"हमको ज़मीन नी चाहिए साब," गेंदीबाई बसल्या जागेवरून ओरडली. "इमली चाहिए! और झाड़ हम क्यों काटेंगे? तुमने काटे हैं, होटल वास्ते. तीन काटे. ठूँठ गिन लो!"

तीन झाडं तोडली होती. ही गोष्ट आमच्या पत्रकात नव्हती, कारण मला "ज़ालिम" लिहायची घाई होती आणि काय केलं ते विचारायचं राहून गेलं होतं. साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं फाइलकडे पाहिलं. जमीन कुणाची, या वादात साहेबांना पडायचंच नव्हतं, आणि जिजींनी तो वाद एका वाक्यात बाजूला काढून ठेवला होता. भाडेपट्टा रद्द करायची गरज उरली नव्हती. उरला होता फक्त फळांचा हक्क आणि तीन खुंट. मी ज्याला आत्मघात समजत होते, त्यानंच केस जिंकली.

आदेश आठवड्यानं आला. फळांवर फलियाचा हक्क नोंदवावा. हंगामात फाटक उघडं राहील. झाड तोडायला बंदी. तोडलेल्यांची चौकशी. आणि हुकुमाचं भाषांतर दुरुस्त करून घ्यावं. आवारात बायांनी असा काही कल्ला केला की शेजारच्या कोषागारातले लोक बाहेर आले. कुणीतरी घोषणा काढली, "ज़मीन तुम्हारी, फल हमारे!" इतकी चांगली घोषणा मी आजवर लिहिलेली नाही.

नवं भाषांतर करायला कचेरीनं जिजींनाच बोलावलं. व्हरांड्यातल्या टेबलावर बसून त्यांनी ते लिहिलं. एक पान, दोन तास. खाली पूर्ण नाव: मनोरमा पागे, पूर्वाश्रमीची मनोरमा फडके. त्याखाली एक ओळ, कुणी मागितली नव्हती ती: "इसके पहले का अनुवाद भी मेरा था. वह ग़लत था."

बाबूला दया आली. "मैडम, पुराना वाला फ़ाइल से निकाल दूँ? क्यों रखना?"

"ख़बरदार!" जिजी कडाडल्या. त्या आवाजानं शाळेचे चाळीस वर्षांचे वर्ग गप्प झाले असतील. "दोनों लगेंगे. ऊपर-नीचे. बाद में आने वाले को दिखना चाहिए कि किसने क्या किया."

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या, झोपेत. त्याआधी मी त्यांना दवाखान्यातही पाहिलं, पण शेवटची म्हणून ती भेट मी मोजत नाही.

मी मोजते ती फाटक उघडलं त्या दिवसाची. सकाळचं ऊन, राईत पन्नास-साठ बाया, लांब बांबू, खाली अंथरलेल्या गोधड्या, चिंचांचा पाऊस. जिजींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं होतं, खुर्चीवर बसवून. मला इतका चेव आला होता की चिंचांनी लगडलेली एक फांदी मी कडकन मोडली आणि झेंड्यासारखी फिरवायला लागले. जिजींनी माझ्या हातावर फटका मारला. खरोखरचा, लागेल असा.

"फळ या बायांचं, झाड दुसऱ्याचं, आणि मोडतेस तू कोण?"

गेंदीबाईला मराठी येत नव्हतं, पण ती मांडीवर हात मारून हसली. मग तिनं आपल्या हातातला बांबू जिजींपुढे धरला. "मास्टरनी बाई, पेली चोट थारी."

नको नको म्हणतील असं मला वाटलं. जिजींनी पदर खोचला, बांबू दोन्ही हातांनी धरला आणि मान मागे टाकून घातला एक तडाखा. नेम चुकला. दुसरा बसला. पिकल्या चिंचा त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, पांढऱ्या साडीवर पडल्या, आणि बायांनी किलकाऱ्या मारल्या. मी मोबाइल काढून पुढे धावले. "जिजी, पत्रकासाठी एक वाक्य द्या! एकच!"

त्यांनी हातानंच मला थांबवलं. एक चिंच त्यांनी सोलली होती आणि तोंडात टाकली होती. डोळे मिटलेले, तोंड आंबटानं वाकडं झालेलं, हनुवटीवर एक धागा चिकटलेला. बोलायला त्यांना अजिबात वेळ नव्हता.